गुंतागुंत आली की आधी घड्याळ बघा: बळावलेल्या कॅन्सरमध्ये निर्णय मिळून कसा घ्यायचा

खान्देशात घरातल्या माणसाचा कॅन्सर बळावला की बैठक बसते. मामा येतात, जावई येतात, सुरतेचा भाऊ फोनवर असतो. प्रश्न एकच फिरत राहतो: "मुंबईला न्यायचं, का घरीच ठेवायचं?" पेशंट आतल्या खोलीत खाटेवर पडून सगळं ऐकत असतो, पण बैठकीत त्याला धरलेलं नसतं. तासाभराने ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची गाडी दारात उभी, त्याचं चालतं.

मुळात प्रश्नच चुकलेला असतो. आजार इतका पुढे गेला की "कॅन्सरचं काय करायचं" हे बहुतेक वेळा आधीच ठरून गेलेलं असतं. आज समोर असते ती एक गुंतागुंत: छातीत पाणी, बंद होत चाललेली किडनी, अडकलेलं आतडं, मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब. प्रत्येकीचं घड्याळ वेगळं, इलाज वेगळा आणि इलाजाने पदरात काय पडणार तेही वेगळं. म्हणून एकदा "न्यायचं" किंवा "ठेवायचं" असं ठरवून काम भागत नाही. निर्णय दरवेळी नव्याने घ्यावा लागतो.

आजार काय करणार ते डॉक्टरला माहीत असतं. उरलेलं जगणं कशासाठी हवंय ते पेशंटला माहीत असतं. रात्री तीन वाजता कोण उठणार आणि पैसे कुठून येणार हे घरच्यांना माहीत असतं. या तिन्ही गोष्टी एका टेबलावर आल्या तर त्याला मिळून घेतलेला निर्णय म्हणायचं. एकही कमी पडली तर तो अंदाज असतो.

पहिली पायरी: हातात किती वेळ आहे?

चर्चा करायला वेळ आहे का, हे आधी ठरवा. काही प्रसंगांत चर्चाच घात करते.

तासांचं घड्याळ असलेले प्रसंग थोडे आहेत, ते तोंडपाठ असू द्या. किमोनंतरच्या दोन आठवड्यांत ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर बैठक घेऊ नका, क्रोसिन देऊन सकाळची वाटही बघू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर उठतो. अशा पेशंटला दवाखान्यात पोहोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक मिळायला हवं. जवळचं मोठं रुग्णालय गाठा आणि दारातच सांगा, "किमो चालू आहे, ताप आलाय." हे एक वाक्य तुम्हाला रांगेतून पुढे काढतं.

दुसरा प्रसंग मज्जारज्जूवर दाब येण्याचा. स्तन, प्रोस्टेट आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो जास्त दिसतो. खूण अशी: पाठीत नवी दुखी, आडवं झालं की वाढणारी, पट्टा आवळल्यासारखी पोटाकडे येणारी. मग पायऱ्या चढताना पाय लटपटतात, पायाला मुंग्या येतात, लघवी अडकते. इथे घरोघरी एकच चूक होते. "कमजोरी आहे" म्हणून मालिश करतात, बाटली चढवतात आणि चार दिवस जातात. उपचार सुरू होताना जो पेशंट चालत असतो, त्याचं चालणं बहुधा टिकतं. पाय पूर्ण जाऊन दोन दिवस उलटले की ते परत येणं दुर्मीळ. म्हणून त्याच दिवशी पूर्ण मणक्याचा एमआरआय करायचा आणि डॉक्टरने सांगितल्याबरोबर सूज उतरवणारं डेक्सामेथासोन सुरू करायचं (साधारण 16 मिलिग्रॅम रोज). शेक (रेडिएशन) देण्याचं मशीन जवळात जवळ कुठे आहे, जळगावला, धुळ्याला, नाशिकला की सुरतेला, हे दुखणं येण्याआधी माहीत असलं पाहिजे. नंदुरबारकडच्या माणसाला सुरत रेल्वेने सोपी पडते. तिथे मुंबईचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

तिसरा प्रसंग रक्तस्रावाचा. त्याच्याकडे पुढे येऊ, कारण तो आधीच ठरवून ठेवायचा असतो.

दिवसांचं घड्याळ म्हणजे दोन-तीन दिवस हातात आहेत. आतडं अडकणं, किडनीची वाट बंद होणं, कावीळ आणि रक्तात कॅल्शियम वाढणं हे सगळं त्यात येतं. यातलं कॅल्शियम फसवं आहे. माणूस सारखं पाणी मागतो, लघवीला जातो, संडास होत नाही, मग भ्रमिष्टासारखं बोलायला लागतो. घरचे म्हणतात, "डोक्यात गेला कॅन्सर, संपलं आता." पण सलाइन आणि झोलेड्रॉनिक ॲसिडचं एक इंजेक्शन (4 मिलिग्रॅम, 15 मिनिटांत, किडनी कमजोर असेल तर कमी) दिल्यावर दोन ते चार दिवसांत तोच माणूस नातवाचं नाव घेऊन हाक मारू शकतो. म्हणून बरळणाऱ्या पेशंटबद्दल काहीही ठरवण्याआधी कॅल्शियम, सोडियम, साखर आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) या चार रक्ततपासण्या झाल्यात का ते विचारा. त्या आपल्या तालुक्याच्या गावीही होतात.

आठवड्यांचं घड्याळ छातीतलं-पोटातलं पाणी, हाडाची दुखी, अन्ननळी किंवा तोंड बंद झाल्यावर नळी घालणं यांना लागू होतं. इथे घाई करणारा डॉक्टर भेटला तर नम्रपणे "दोन दिवसांनी सांगतो" म्हणायला हरकत नाही.

दुसरी पायरी: पेशंटला विचारणं

"नानांना काही सांगू नका, ते खचतील." हे वाक्य मायेपोटी येतं, त्याची टिंगल करू नये. पण नानांना बहुतेक वेळा कळलेलं असतं. किमो थांबली, फाइल जाड झाली, लेकी वारंवार यायला लागल्या, हे त्यांना दिसत असतं. त्यांच्यापासून लपवल्याने ते भीतीत एकटे पडतात, एवढंच होतं.

सांगायचं की नाही, हे घरच्यांनी ठरवण्याऐवजी पेशंटलाच विचारता येतं. क्रम असा ठेवा. आधी: "डॉक्टरांनी तुम्हाला आजाराबद्दल काय सांगितलंय?" मग: "पुढचं सगळं तुम्हाला सांगू, का थोडं थोडं, का मुलाशी बोलू?" तो काय म्हणतो ते ऐका आणि गप्प राहा. खरं उत्तर पुष्कळदा दुसऱ्या वाक्यात येतं. "पोरगा ठरवेल" असं तो म्हणाला तर तोही त्याचाच निर्णय आहे. मान्य करा, पण कोणता पोरगा ते नाव लिहून ठेवा आणि पुढची गुंतागुंत आली की पुन्हा विचारा. माणसाचं मन बदलतं.

भाषेचं इथे फार महत्त्व आहे. डॉक्टर बाहेरगावचा, त्याची मराठी पुस्तकी. माय अहिराणीत बोलणारी, धडगाव-अक्कलकुव्याकडची असेल तर भिलीत किंवा पावरीत. "आपल्याला काय वाटतं?" या प्रश्नाला ती मान डोलावते. "माय, तुले काय वाटस?" म्हटलं की बोलायला लागते. दुभाषा म्हणून बारा वर्षांच्या नातवाला उभं करू नका, आणि ज्याला शेत विकावं लागणार आहे त्या मुलालाही नको. त्याच बोलीतली नर्स किंवा आशाताई असेल तर तिला घ्या. दुखण्याचं माप विचारताना शून्य ते दहा आकडे जुन्या माणसांना उमगत नाहीत. "रुपयात किती आणे दुखतंय?" असं विचारलं तर "बारा आणे" असं चटकन येतं.

मग मुख्य प्रश्न: या दिवसांत त्याला सगळ्यात जास्त काय हवंय आणि कशाची सगळ्यात जास्त भीती वाटते? उत्तरं लहान असतात. घरच्या ओट्यावर बसायचंय. दम लागून मरायचं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी येतील, त्या बघायच्यात. कर्ज ठेवून जायचं नाही. अशा एका उत्तरावर पुढचे सगळे इलाज तोलता येतात.

तिसरी पायरी: डॉक्टरांसमोर जाताना

ओपीडीत तुम्हाला दहा मिनिटं मिळतील. तेवढ्यात काम व्हायचं तर तयारी घरून करून जा.

फाइल उलट्या क्रमाने लावा, सगळ्यात नवा कागद वर. पहिल्या पानावर हाताने लिहा: कोणता कॅन्सर, कुठे पसरलाय, शेवटची किमो किंवा शेक कधी, चालू गोळ्या डोससह, ॲलर्जी. त्याखाली एक ओळ, जी डॉक्टर सहसा विचारत नाहीत पण निर्णय जिच्यावर फिरतो: दिवसातला किती वेळ पेशंट अंथरुणात असतो. अर्ध्यापेक्षा जास्त वेळ आडवा असलेल्या माणसाला जोरदार उपचार सहसा झेपत नाहीत. महिन्यापूर्वी तो काय करू शकत होता आणि आज काय करतो, हेही लिहा. घसरणीचा वेग डॉक्टरला त्यावरून कळतो. आत जाताना दोघांनीच जा, एक बोलायला आणि एक लिहायला. आठ जण आत घुसले तर डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं गोलमोल बोलतो.

विचारायचे प्रश्न याच शब्दांत विचारा. हा इलाज कशासाठी आहे: आयुष्य वाढवायला, त्रास कमी करायला, की तपासणीसाठी? अशा 100 पेशंटांपैकी साधारण किती जणांना फायदा होतो, आणि फायदा म्हणजे नेमकं काय? सगळं चांगलं झालं तर महिन्याभराने माणूस कसा असेल, बिघडलं तर कसा, आणि बहुतेकांचं काय होतं? यातले किती दिवस दवाखान्यात जातील? हा इलाज नाही केला तर त्रासासाठी तुम्ही काय द्याल?

शेवटचा प्रश्न कधीच सोडू नका. "नाही केलं तर" याचं उत्तर पुष्कळदा "मग काही नाही" असं येतं, आणि घाबरलेले घरचे इलाजाला हो म्हणून टाकतात. खरं तर "काही नाही" असं कधीच नसतं. दम, उलटी, दुखी, खाज, अस्वस्थता या प्रत्येकावर औषध असतं. ते पर्याय म्हणून टेबलावर मांडलेलं नसेल, तर निर्णय एकाच पारड्याकडे बघून झालेला असतो.

"चान्स आहे" आणि "रिस्क आहे" हे दोन शब्द ऐकले की थांबवा. डॉक्टरच्या मनात शंभरात पाच असतात, ऐकणाऱ्याच्या मनात पन्नास. आकडा मागा. "नक्की सांगता येत नाही" असं उत्तर आलं तर म्हणा, "तास, दिवस, आठवडे की महिने, एवढं सांगा." हे बहुतेक डॉक्टर सांगतात. निघताना ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे साहेब, नळीने लघवी मोकळी होईल पण गाठ तशीच राहील, बरोबर ना?" पुष्कळ गैरसमज इथेच सुटतात.

एक निर्णय जवळून: किडनीची नळी

गर्भाशयाच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर पसरतो तेव्हा लघवीच्या दोन्ही नळ्या दाबल्या जातात. किडन्या फुगतात, क्रिएटिनिन चढतं. पाठीतून सुई घालून किडनीत नळी बसवतात आणि बाहेर पिशवी लावतात, तिला पीसीएन म्हणतात. करायला सोपी म्हणून ती पटकन सुचवली जाते. पण ती कशासाठी करायची, हे फारसं कोणी विचारत नाही.

असं समजा. चोपड्याकडची पन्नाशीची बाई. शेक झालेत, किमो झाली, गाठ पुन्हा आली. क्रिएटिनिन 7 आहे. भूक नाही, उलट्या आहेत, झोपाळलेली आहे पण हाक मारली की बोलते. मुलगा म्हणतो, "साहेब, जे लागेल ते करा."

डॉक्टर खुर्ची ओढून खाटेजवळ बसतात. "मावशी, लघवीची वाट बंद झालीय म्हणून ही सुस्ती आहे. पाठीतून नळी घालून वाट मोकळी करता येते. त्याने डोकं जागेवर येईल, उलट्या कमी होतील, आठ-दहा दिवस लागतील. गाठ आहे तशीच राहील. पिशवी सोबत राहील, दोन-तीन महिन्यांनी नळी बदलावी लागेल, मधेच निघाली किंवा ताप आला तर यावं लागेल. नाही घातली तर सुस्ती वाढत जाईल. काही दिवस, फार तर काही आठवडे. उलटीचं आणि खाजेचं औषध देऊ, त्रास होऊ देणार नाही. तुमच्या मनात काय आहे?"

ती म्हणते, "आखाजीले पोरी येतीन. माले त्यासले दखनं शे."

आखाजी दीड महिन्यावर आहे. निर्णय या वाक्यापाशी झाला. नळी घालायची, पण एकाच बाजूला. जी किडनी जास्त चांगली तिची वाट मोकळी केली की बहुधा पुरतं. दोन्हीकडे दोन पिशव्या बांधून उठण्या-बसण्याचे हाल कशाला? आणि त्याच बैठकीत पुढचंही ठरतं: आखाजीनंतर नळी बंद पडली तर पुन्हा घालायची नाही. हे कागदावर लिहून मुलाची सही होते, मायचा अंगठा होतो.

याच अवस्थेतली दुसरी बाई म्हणाली असती, "मला आता सुस्तीच बरी," तर नळी न घालणं तितकंच बरोबर ठरलं असतं. दोन गोष्टी मात्र आधी सांगायला हव्यात, आणि त्या हमखास राहून जातात. सुस्ती उतरली की दुखणं जास्त जाणवतं, म्हणून दुखीचं औषध नळीच्या आधी नीट बसवायचं. आणि किडनी कमजोर असताना मॉर्फिन अंगात साठतं. हात-पाय झटके देऊ लागले, डोळा उघडेना, तर डोस कमी करणं, दोन डोसांमधलं अंतर वाढवणं किंवा कातडीवर चिकटवायच्या फेंटानिलच्या पट्टीवर जाणं हे डॉक्टरने ठरवायचं.

बाकीच्या गुंतागुंतींत प्रश्न कुठे अडतो

छातीतलं पाणी पहिल्यांदा काढलं की दोन गोष्टी टिपा: दम किती आणे कमी झाला, आणि एक्स-रेमध्ये फुफ्फुस फुललं का. एका वेळी साधारण दीड लिटरच्या वर काढत नाहीत. जास्त ओढलं तर फुफ्फुसालाच सूज येते. पाणी महिन्याने परत आलं तर पुन्हा सुईने काढणं पुरतं. आठवड्यात परत आलं तर दोन पर्याय आहेत. टाल्कची पूड टाकून फुफ्फुसाभोवतीची पोकळी चिकटवणं (फुफ्फुस फुलत असेल तरच उपयोग), किंवा घरी राहून पाणी काढता येईल अशी कायमची नळी. पाणी काढूनही दम कमी झाला नसेल तर दमाचं कारण वेगळं आहे. मग सुया टोचत बसण्यात हशील नाही.

आतडं अडकल्यावर घरात एकच मागणी होते: "बाटली लावा, काही तरी पोटात गेलं पाहिजे." इथे ऑपरेशन करायचं का, हे तीन गोष्टींवर ठरतं. अडथळा एका जागी आहे की अनेक, पोटात पाणी आहे का, आणि पेशंट महिन्यापूर्वी हिंडत-फिरत होता का. गाठी पोटभर असतील तर ऑपरेशनने बहुधा जखम वाढते, आतडं सुटत नाही. औषधांनी (ऑक्ट्रिओटाइड, डेक्सामेथासोन, पेटक्यासाठी ब्युस्कोपॅन, उलटीसाठी हॅलोपेरिडॉल) पुष्कळांच्या उलट्या आटोक्यात येतात आणि नाकातली नळी काढता येते. पूर्ण अडथळ्यात पोटात कळा येत असतील तर मेटोक्लोप्रमाइड हे उलटीचं औषध देऊ नये, त्याने कळा वाढतात. घोट-घोट पाणी, लिंबाच्या पाण्याचा गोठवलेला खडा चघळायला देता येतो. शेवटच्या दिवसांत जास्त सलाइन शरीराला झेपत नाही. ते पायात, छातीत उतरतं आणि घशात घरघर वाढवतं. तोंड कोरडं पडणं सलाइनपेक्षा ओल्या बोळ्याने चांगलं भागतं, दर तासाला.

जेवणाच्या नळीबद्दल एक साधी कसोटी आहे. भूक आहे पण गिळता येत नाही, जसं तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरमध्ये होतं, तिथे नळीचा फायदा दिसतो. भूकच गेलीय, माणूस झोपाळलाय, तिथे नळीतून कितीही पेज घातली तरी अंगी लागत नाही. नळी घातलीच तर पेशंटला टेकवून बसवूनच द्या, एका वेळी साधारण 200 ते 250 मिली, आधी आणि नंतर थोडं साधं पाणी, आणि पुढचा अर्धा-पाऊण तास आडवं करू नका. नळी बंद पडते ती गाळून न घेतलेल्या डाळीच्या पाण्याने आणि जाडसर कुटलेल्या गोळ्यांनी.

हाडाच्या दुखीसाठी शेक देताना आपल्याकडे विचारायलाच हवा असा प्रश्न: एका बैठकीत होईल का? 8 ग्रेचा (ग्रे म्हणजे शेकाचं माप) एकच डोस दुखी कमी करायला दहा दिवसांच्या शेकाइतकाच उपयोगी पडतो. फरक इतकाच की एका डोसनंतर पुन्हा शेक घ्यावा लागण्याची शक्यता जास्त असते. शिरपूर किंवा यावलहून रोज ये-जा करणाऱ्यासाठी, तेही मे महिन्याच्या 44 अंशांत, हा फरक दोन आठवड्यांच्या आयुष्याचा आहे. दुखी कमी व्हायला एक ते चार आठवडे लागतात. पहिले काही दिवस ती वाढूही शकते, तेव्हा घाबरू नका.

आता रक्तस्राव. गुटखा-तंबाखूच्या आपल्या मुलखात मानेवर चिघळलेली जखम घेऊन जगणारे पुष्कळ आहेत. मोठा रक्तस्राव होण्याआधी एखाद-दोन दिवस थोडं ताजं रक्त येऊ शकतं. अशा पेशंटच्या घरी आधीच ठरलेलं असावं: दवाखान्यात पळायचं की जवळ बसायचं? मोठी धमनी फुटली तर पळून पोहोचता येत नाही, रस्त्यातच जातं. गडद रंगाचे टॉवेल खाटेजवळ ठेवा; पांढऱ्या चादरीवर रक्त दुप्पट दिसतं आणि पेशंट घाबरतो. झोप आणणारं औषध डॉक्टरने आधीच लिहून, कसं द्यायचं ते दाखवून ठेवलेलं असावं. लहान मुलांना त्या खोलीत झोपवू नका. जखमेच्या वासाला मेट्रोनिडाझोलची गोळी बारीक कुटून जखमेवर भुरभुरतात. वास गेला की माणसं पुन्हा जवळ येऊन बसतात.

आयसीयू आणि "तीन दिवस बघू"

निर्णय होतच नसेल तर मुदत घालून इलाज करा. पण "बघू" म्हणजे काय ते ठरवून: काय बघायचं, कोणत्या वारी बघायचं, आणि नाही झालं तर काय थांबवायचं. उदाहरणार्थ, "शुक्रवारी सकाळपर्यंत अँटिबायोटिक आणि मास्कचं ऑक्सिजन. तोवर शुद्ध आली नाही तर व्हेंटिलेटर लावायचा नाही, वॉर्डात आणायचं." हे फाइलमध्ये लिहायला सांगा, कारण शुक्रवारी ड्युटीवर दुसरा डॉक्टर असतो.

ज्याला हे सगळं आधीच लिहून ठेवायचंय त्याच्यासाठी कायद्याने वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 च्या निकालात अशा इच्छापत्राला मान्यता दिली आणि 24 जानेवारी 2023 रोजी पद्धत सोपी केली. आता मॅजिस्ट्रेटकडे जावं लागत नाही. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. आपल्या वतीने बोलणाऱ्या एकापेक्षा जास्त जवळच्यांची नावं त्यात लिहिता येतात. एक प्रत फाइलमध्ये, एक घरच्या डॉक्टरकडे. कपाटात कुलूपबंद ठेवलेलं इच्छापत्र ऐनवेळी सापडत नाही.

पैशाचं बोलणं लाजेने टाळू नका

शेत गहाण टाकण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेच्या मदतनिसाला) गाठा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ठरलेला इलाज पॅकेजमध्ये बसतो का, बाहेरचं काय लागेल, हे लेखी विचारा. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-टायर एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला त्याच डब्यांत 75 टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. तो पहिल्याच फेरीत घ्या. घरी ऑक्सिजनचं मशीन आणणार असाल तर ते विजेवर चालतं, आणि लोडशेडिंग तुमच्या सोयीने होत नाही. भरलेला सिलिंडर जोडीला हवाच.

घरी आणायचं ठरलं तर

सगळ्यात मोठी चूक इथे होते. "आमच्या जबाबदारीवर नेतो" अशी सही करून लोक पेशंट उचलतात, आणि हातात औषधाची एक चिठ्ठी नसते. रात्री दुखायला लागलं की गावात कोणी मॉर्फिन देत नाही. सही करण्याऐवजी नीट डिस्चार्ज मागा: "आम्ही मिळून ठरवलंय, आता त्रास कमी करणारे उपचार घरी हवेत." कार्डवर या गोष्टी असल्या पाहिजेत: निदान, पुढे काय होऊ शकतं, प्रत्येक त्रासाला कोणतं औषध, फोन कोणाला करायचा, आणि गावच्या डॉक्टरला एक पत्र. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची (त्रास कमी करणाऱ्या उपचारांची) सोय आहे का, हे तिथल्या असंसर्गजन्य आजार विभागात विचारून ठेवा. 2014 च्या कायदाबदलानंतर मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं आहे. तुमच्या जवळची अशी संस्था कोणती, हे डिस्चार्जच्या आधीच माहीत करून घ्या.

मॉर्फिन दिलं म्हणजे शेवट जवळ आला, हा समज घरातल्या प्रत्येकाच्या मनातून आधी काढावा लागतो. साधी गोळी दर 4 तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट बघून नाही. सुरुवात साधारण 5 ते 10 मिलिग्रॅमने होते. मधेच दुखलं तर दिवसाच्या एकूण डोसचा सहावा भाग जादा: 10 मिलिग्रॅम सहा वेळा म्हणजे दिवसाचे 60, तर जादा गोळी 10 ची. जादा किती लागल्या ते वहीत लिहा, पुढचा डोस त्यावरून ठरतो. पहिले दोन-तीन दिवस गुंगी आणि मळमळ येते, मग कमी होते. बद्धकोष्ठ मात्र कमी होत नाही. म्हणून संडास साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करायचं. ते विसरलं तर आठ दिवसांनी पोट फुगतं आणि दोष मॉर्फिनला जातो.

सगळ्या नातेवाइकांना एकदाच, शक्य तर पेशंटसमोर, काय ठरलंय ते सांगा. नाही तर शेवटच्या रात्री बाहेरगावहून आलेला एखादा जिभाऊ "तुम्ही काहीच केलं नाही" म्हणून 108 ला फोन लावतो आणि महिनाभर विचार करून घेतलेला निर्णय दहा मिनिटांत मोडतो. ठरलेल्या गोष्टींचा कागद खाटेजवळच्या भिंतीला चिकटवून ठेवा.

घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला गावचा डॉक्टर देऊ शकतो, पण त्याने पेशंटला आधी पाहिलेलं असेल आणि कागद त्याच्याकडे असतील तर. म्हणून डिस्चार्जच्या आठवड्यातच त्याला एकदा घरी बोलवा. ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत नोंद 21 दिवसांच्या आत करा. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या आणि पट्ट्या मोजून, जिथून आणल्या त्या दवाखान्यात परत द्या.